पाण्याचं अनुपान

काल दुपारी भाचीची मुलगी कॉलेजातून तापानं फणफणत घरी आली. चपला कुठंतरी भिरकावल्या, पंख्याखाली जमिनीवरच बसली, पर्समधून गोळ्यांची चंदेरी पट्टी काढली आणि एक गोळी अंगठ्यानं दाबून बाहेर काढली. ती जिभेवर ठेवून तिनं बाटलीतल्या पाण्याचा एवढासा घोट घेतला, मान मागे टाकली आणि झालं. पट्टीतून सुटलेला तो खडूसारखा, कोरडा, किंचित कडवट वास माझ्यापर्यंत आला आणि माझंच अंग तापलं.

"पेलाभर पाणी पी," मी म्हटलं.

"हो गया ना मावशीआजी. गोळी तो अंदर चली गई."

"पेलाभर."

"पण मला प्यासच नाहीय."

"तहान विचारली नाही मी. पी."

आवाज माझा मलाच कर्कश वाटला. स्वयंपाकघरातून भाची आली, तिनं पेला भरून मुलीच्या हातात दिला आणि नजरेनंच सांगितलं, की वाद घालू नकोस, पेला रिकामा झाल्याशिवाय ही बाई इथून हलायची नाही. भाचीला माझी ही खोड ठाऊक आहे. खोडीमागचं कारण मात्र ठाऊक नाही, आणि ते कारण तिच्या जन्माशीच जाऊन भिडतं.

जुन्या दिवसांविषयी बोलायला लागलं की माणसं हळवी होतात, असं मी पाहते. तापीवरची संध्याकाळ, राजघाटाच्या पायऱ्या, शनवाऱ्याच्या दरवाज्यातून येणारे टांगे, सगळं कसं जरीच्या पदरासारखं चमकायला लागतं. माझ्याही आठवणीत हे सगळं आहे. पण त्या सगळ्यावर एक राग बसलेला आहे, आणि इतक्या वर्षांत तो काही निवला नाही. वय झालं की राग मावळतो म्हणतात. ज्यांचा मावळत असेल त्यांचा मावळो. मी माझा जपून ठेवला आहे, कारण तो टाकला तर ज्यांच्यावर तो आहे ती माणसं अगदीच मोकळी सुटतील. तशी ती सुटलीच आहेत म्हणा, आणि त्यांना मीच सोडलं आहे. कसं, ते सांगते.

ती वर्षं जोडाजोडीची होती. संस्थानं विरून गेली होती, प्रांतांच्या सीमा नव्यानं आखायच्या होत्या आणि आमच्या बुऱ्हाणपुरात जो तो एकच प्रश्न चघळत होता, की आपण कुठं जाणार. मराठी बोलणाऱ्यांनी तिकडं जायचं आणि हिंदी बोलणाऱ्यांनी इकडं राहायचं, तर मग एकाच वाक्यात दोन्ही बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनी काय करायचं? वडील शाळेत शिकवायचे. संध्याकाळी आमच्या ओट्यावर त्यांचे स्नेही जमायचे आणि समोर नकाशा नसतानाही बोटानं हवेत सीमा आखायचे. तापी कोणाची, हा त्यांचा आवडता विषय. अशाच एका वैशाखात माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला सासरहून, फोपनारहून, माहेरी आली.

ताईला पाण्याचं भारी वेड. आमच्या गावाला कुंडी भंडाऱ्याचं पाणी. सातपुड्यात झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी शेकडो वर्षं आमच्या गावात येत आलं आहे, आणि ते इतकं गोड, की सासरी गेलेल्या मुली आईच्या हातच्या जेवणाच्या आधी त्याची आठवण काढतात. ताई माहेरी पाऊल ठेवायची ती सरळ माठाकडं जायची. तांब्या वर धरून, मान मागे टाकून घटाघटा प्यायची, निम्मं पाणी गळ्यावरून ओघळायचं, पदर भिजायचा आणि आई ओरडायची. त्या वैशाखातही ती आली ती अशीच प्यायली. तिनं पोटभर प्यायलेलं मी पाहिलेलं ते शेवटचं पाणी.

कारण बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. अगदीच द्यायचं नाही असं नव्हे. ओवा किंवा बाळंतशेप घालून उकळलेलं, कोमट, आणि तेही घोट घोट. जास्त पाणी पोटात गेलं तर पोट सुटतं, अंगाला सूज येते, दुधावाटे बाळाला सर्दी होते. त्यात ताप आला तर तो घोटही बंद. तापात पाणी म्हणजे आगीत तेल, हे आईच्या माहेरी, तुकईथडला, शेंबडं पोरही सांगेल. रीत काही आईनं शोधून काढलेली नव्हती. तिच्या बाळंतपणात तिच्या आईनं तिला अशीच तहानलेली ठेवली होती आणि ती चांगली धडधाकट उठली होती. मग तिनं आपल्या लेकीला वेगळं कशाला वागवावं?

मुलगी झाली. थोड्याच दिवसांत ताईला सपाटून ताप भरला. डॉक्टर आले. ते ओट्यावरच्या बैठकीतलेच एक, वडिलांचे स्नेही. खोलीत उभ्या उभ्या त्यांनी नाडी पाहिली, पोट चाचपलं आणि ओट्यावर येऊन बसले. वैशाखातली दुपार, ते घामानं निथळत होते. आईनं आतून माठातल्या गार पाण्याचा तांब्या पाठवला. मीच तो नेऊन दिला. डॉक्टरांनी तो एका दमात संपवला आणि आणखी मागितला. मग बॅगेतून पांढऱ्या गोळ्यांची पुडी काढून वडिलांना म्हणाले, ही सल्फाची गोळी, बाळंतिणीच्या तापावर रामबाण आहे, फक्त वेळच्या वेळी द्या. आणि बोलणं पुन्हा सीमेवर गेलं. पाण्याविषयी एक अक्षर नाही. रिकामा तांब्या मांडीवर घेऊन तोंड पुसत बसलेल्या माणसाला पाण्याची आठवण झाली नाही. तो तांब्या मला आजही दिसतो.

आत खोलीत खाटेखाली शेगडी धुमसत होती. खिडकीला घोंगडी लावलेली. ताई दिवसभर एकच मागत होती.

"आई, एक घोट दे गं. एकच."

"नको माय. ताप उलटते. जरा कळ काढ."

आई ओल्या कापसाचा बोळा तिच्या ओठांवरून फिरवायची. स्वतःला तहान लागली की परसात जाऊन प्यायची. ताईसमोर तिनं भांडं तोंडाला लावलं नाही. एकदा मी पाहिलं, परसात ती भरलेलं भांडं हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होती, आणि मग न पिताच तिनं ते केळीच्या बुडाशी ओतून टाकलं. माझ्या आईनं माझ्या बहिणीला पाणी दिलं नाही, हे वाक्य जितक्या वेळा माझ्या मनात येतं तितक्या वेळा ती केळही येते.

गोळी लागू पडली. ताप उतरला. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, वडिलांनी डॉक्टरांचे हात धरले. ताई कंबर फुटतेय म्हणायची, पण बाळंतिणीची कंबर दुखायचीच. लघवी होईनाशी झाली, तेव्हा आई म्हणाली, "पाणीच नाही पोटात, तं होईन कुठून?" मग चेहऱ्यावर सूज आली, मग गुंगी. ताप नसलेल्या, गार अंगानं ताई शांत पडून राहिली आणि तशीच गेली. डॉक्टर म्हणाले, ताप गोळीनं घालवला होता, पण विष आधीच अंगात भिनलं होतं, औषध जरा उशिरा पोचलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. फोपनारची माणसं येऊन रडून गेली, आणि तान्ही मुलगी आमच्याकडंच राहिली.

औषध उशिरा पोचतं म्हणजे काय, हे मला समजून घ्यायचं होतं. म्हणून मी औषधं शिकायला गेले. नाटकी वाटेल, पण तसंच घडलं. आमच्या प्रांताच्या तेव्हाच्या राजधानीच्या गावी विद्यापीठ होतं, तिथं औषधनिर्मितीचा वर्ग होता आणि त्या वर्गात मी एकटी मुलगी. आई म्हणाली, पोरीच्या जातीला बाटल्या भरायचं शिक्षण कायले? वडिलांनी मात्र मला आगगाडीत बसवून दिलं. ताई गेल्यापासून ते ओट्यावर फारसे बोलत नसत.

विषय मला मनापासून आवडला. औषध म्हणजे काढा, पुडी, गोळी, एवढंच आजवर ठाऊक होतं. इथं कळलं, की प्रत्येक औषधाला एक आकार असतो, आणि त्या आकारातच त्याचं काम असतं. एखादा अणू इकडचा तिकडं सरकला तर औषधाचं विष होतं, विषाचं औषध होतं. शिकवणारे सर फळ्यावर षट्कोन काढायचे तो असा, की पट्टी लावून मोजून घ्यावा. त्या षट्कोनाला ते एकेक फांदी फोडत जायचे आणि म्हणायचे, ही फांदी त्याला रक्तात टिकवते, ही त्याला जंतूपर्यंत नेते, ही तोडली तर तो निकामी. मी हावरटासारखी ऐकायची. सुट्टीत गावाकडं येताना गाडीच्या खिडकीच्या धुळीवर बोटानं षट्कोन काढत बसायची. शेजारची बाई मला वेडी समजून पोराला जवळ ओढून घ्यायची.

तिसऱ्या वर्षी सल्फा आलं. त्याची गोष्ट सरांनी रंगवून सांगितली. मुळात तो एक तांबडा रंग. काचेच्या नळीत जंतूंवर टाकला तर काहीच करत नाही, पण आजारी प्राण्याच्या पोटात गेला की प्राणी बरा होतो. का? तर शरीर त्या रंगाचे दोन तुकडे करतं, आणि त्यातला एक बिनरंगाचा तुकडा खरं काम करतो. हा तुकडा म्हणजे बहुरूपी. जंतूला वाढायला एक पदार्थ लागतो, त्याचं सोंग हुबेहूब घेऊन हा जंतूच्या दारात उभा राहतो. जंतू त्याला आपलं अन्न समजून आत घेतो आणि उपाशी राहतो. माणसाला तो पदार्थ लागत नाही, म्हणून माणूस वाचतो. मी वहीत लिहिता लिहिता थांबले. ताईच्या अंगात हे चाललं होतं तर. इतकं सुंदर काहीतरी तिच्यासाठी झटत होतं आणि फक्त उशिरा पोचलं. मला वाटलं, मी आत्ता रडेन.

तास संपत आला होता. सर हातावरचा खडू झटकत होते. आणि जाता जाता, इंग्रजीत, एका श्वासात ते म्हणाले, की यकृत या रेणूला एक शेपूट जोडतं, शेपूट लागलं की तो पाण्यात नीट विरघळत नाही, मूत्रपिंडाच्या नळ्यांत त्याचे स्फटिक धरतात, लघवी अडते आणि रुग्ण दगावू शकतो, म्हणून सोबत भरपूर पाणी आणि थोडा सोडा द्यावा. मग ते फळा पुसायला वळले.

खडीसाखर कशी करतात ते तुम्ही पाहिलं असेल. दाट पाकात दोरा सोडून ठेवला की त्याला खडे धरतात. पाक पातळ असेल तर काही धरत नाही. ताईची कंबर मला दिसली. "होईन कुठून" हे आईचं वाक्य ऐकू आलं. ओला बोळा, केळीच्या बुडाशी ओतलेलं पाणी, शांत गार झोप. औषध उशिरा पोचलंच नव्हतं. औषध अगदी वेळेवर पोचलं होतं, त्यानं जंतू मारले होते, आणि मग कोरड्या पडलेल्या अंगात त्याचे खडे धरले होते. मी उभी राहिले ते मला कळलंही नाही.

"सर, हे केव्हापासून माहीत आहे?"

"लढाईच्या काळापासून. जुनी गोष्ट आहे. परीक्षेला विचारत नाहीत."

"रुग्णाला हे कोण सांगतं?"

"त्यात सांगायचं काय? तापाचं माणूस पाणी पितंच."

"आमच्याकडं देत नाहीत, सर. बाळंतिणीला तर मुळीच नाही."

'बाळंतीण' हा शब्द ऐकून मागच्या बाकांवर हसू फुटलं. सरांनाही ते आवरलं नाही. ते म्हणाले, "बाई, पाणी हा नर्सचा विषय. आपला विषय रेणू." आणि त्यांनी सल्फाचा षट्कोन पुसून टाकला.

बैल गेला नि झोपा केला, असं आपण म्हणतो. इथं झोपा आधीपासून बांधून तयार होता, तो आमच्या गोठ्यापर्यंत कोणी आणलाच नाही. ज्यांनी पुस्तकं लिहिली त्यांच्या देशात आजारी माणसाच्या उशाशी पाण्याचा जग असतो, म्हणून त्यांनी पाण्याची गोष्ट एका ओळीत उरकली. ठीक आहे, ते परके. पण सर? सरांची आई काय त्यांना जन्म देऊन माठभर पाणी प्यायली होती? त्यांच्या घरातही ओव्याचं पाणी घोटानं मोजून दिलं गेलं असणार. इंग्रजी शिकताना त्यांनी ते घर असं उंबऱ्याबाहेर ठेवलं, की पुन्हा आत घ्यायचं सुचलंच नाही. शिकलेल्या माणसाला आपल्याच घरात काय चालतं ते ठाऊक नसावं, ह्या अज्ञानाला कुठली पदवी द्यायची?

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी निघाले. आईवर राग आला होता का? आला होता. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत मी तिला मनातल्या मनात बोलत होते. लेक पाणी मागते आणि तुझा हात कसा उचलत नाही गं? पण घरी पोचले तेव्हा आई ताईच्या मुलीला मांडीवर घेऊन झारीनं पाणी पाजत होती, आणि पोरगी ताईसारखीच निम्मं पाणी गळ्यावर सांडत होती. आईनं वर बघितलं. केस पार पिकले होते. "आली का माय? तोंड कसं सुकलं तुझं," ती म्हणाली. माझा राग होता तसाच राहिला, पण त्या बाईवरून मात्र उठला. तिला हे कळलं तर ती जगणार नाही, एवढं मला स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडं गेले. दवाखान्यात गर्दी नव्हती. मी त्यांना शेपटाचं, स्फटिकांचं, सगळं सांगितलं. मला वाटत होतं ते दचकतील. ते दचकले नाहीत.

"तुझ्या सरांनी शिकवलं ते मलाही शिकवलं होतं," ते म्हणाले.

"मग तुम्ही वडिलांना पाण्याचं सांगितलं का नाहीत?"

"औरतों का मामला आहे पोरी. आत खोलीत काय देतात, काय नाही, ते मी कुठं बघत बसू?"

"अजून त्याच गोळ्या देता. अजूनही सांगत नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ. गोळी मी दिली, पाणी तुझ्या आईनं तोडलं. तुला हे गावभर सांगायचं असेल तर जरूर सांग, माझी ना नाही. पण आधी घरी जा आणि आईला सांग. मग इथं ये."

माझ्या आईला पुढं करून तो माणूस तिच्या पदराआड उभा राहिला होता. सांगावं तर आई मरते. न सांगावं तर गल्लीगल्लीतल्या बाळंतिणी मरतात, आणि प्रत्येक वेळी औषध उशिरा पोचलं म्हणून सगळे माना हलवतात. त्याच दिवाळीत सीमा ठरल्या. माझं विद्यापीठ, राजधानीसकट, पलीकडच्या राज्यात गेलं आणि आम्ही इकडंच राहिलो. ओट्यावरची मंडळी सुतक लागल्यासारखी बसली होती. डॉक्टर त्यांच्यात होते आणि तापी गेली, तापी गेली, म्हणत होते. तापी कुठंही गेली नव्हती. आतून त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या गेला. मी तो नेऊन दिला नाही, आईनं दिला.

वाट सापडली ती आईकडूनच, आणि तीही तिच्या हट्टीपणामुळं. पोरीला खोकला झाला होता. वैद्यांची पुडी होती, पण घरातला मध संपला होता. मी म्हटलं, गुळात दे. आईनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी विष दे म्हणाले. "अनुपान चुकलं का औषध मातीत जाते," ती म्हणाली. औषध ज्याच्यासोबत घ्यायचं तो मध, ते तूप, ते अनुपान. ते औषधाचं अर्धं अंग. देडतलाईच्या बाजाराला जाणाऱ्या कोणाकडून तरी तिनं रानातला मध मागवला, आणि तो येईपर्यंत पुडी उघडली नाही. पोरगी खोकत होती, आई तिला थोपटत बसली होती आणि मी तिच्याकडं बघत राहिले. पाणी दे म्हटलं तर ही बाई देणार नाही. पण अनुपान ती जन्मात चुकवणार नाही.

फराळाचं करायला गल्लीतल्या बायका आमच्याकडं जमल्या होत्या. आई करंज्या लाटत होती. मी मोठ्यानं म्हटलं, "डॉक्टर ती पांढरी तापाची गोळी देतात ना, तिला अनुपान असतं. तांब्याभर पाणी, उकळून गार केलेलं, त्यात चिमूटभर खायचा सोडा. दर गोळीला एक तांब्या. त्याशिवाय ती लागू पडत नाही, उलटते."

"बाळंतिणीले पण?" एकीनं विचारलं.

"बाळंतिणीला तर दोन तांबे."

"असं कसं वं? पाणी कुठं अनुपान असते?"

"मी शिकतेय तिथं असंच शिकवतात," मी म्हटलं. अनुपान हा शब्द तिथं कोणी उच्चारत नव्हतं. पण नुसतं पाणी म्हटलं असतं तर त्या हसल्या असत्या, सोडा म्हटल्यावर गप्प झाल्या. सल्फा जसं जंतूच्या ओळखीचं सोंग घेऊन दारात उभं राहतं, तसंच मी सोंग घेतलं. त्याचा अभिमान नाही मला, चीडच आहे. एक सरळ गोष्ट सरळ सांगायची सोय ज्या लोकांनी ठेवली नाही, त्यांच्यासाठी मला वैद्याची भाषा चोरावी लागली. आईनं हातातली करंजी मोडून पुन्हा लाटली.

पुढच्या उन्हाळ्यात परीक्षा देऊन घरी आले तेव्हा शेजारच्या घरची सून बाळंतीण होती आणि तिला ताप भरला होता. डॉक्टर आले, त्याच गोळ्या देऊन, ओट्यावर पाणी पिऊन गेले. तिची सासू घाबरून आईला बोलवायला आली. मी मागोमाग गेले. आई त्या मुलीच्या उशाशी बसली, एका हातानं तिचं डोकं उचललं आणि दुसऱ्या हातानं तांब्या तिच्या तोंडाला लावला. मुलगी लाजत, घाबरत प्यायली. सासू पुटपुटली, की पोट सुटेल. आई म्हणाली, "सुटू दे. अनुपान आहे." पुढचे सगळे दिवस ती त्या घरी जात राहिली, तांब्या भरत राहिली, लघवी झाली का म्हणून निर्लज्जपणे विचारत राहिली. मुलीचा ताप उतरला, कंबर दुखली नाही, सूज आली नाही. एका सकाळी ती उठून बाळाला मांडीवर घेऊन बसली.

त्या दुपारी आई आमच्या परसात केळीपाशी बसून तांब्या घासत होती. राख, चिंच, पुन्हा राख. तांब्या कधीच लख्ख झाला होता. मी दारात उभी होते. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "हे तीच गोळी होय ना? ताईले दिलती ते?"

"हो."

"मंग तवा हे अनुपान नव्हतं?"

तिचे हात थांबले नव्हते. मला फळा दिसला, षट्कोन दिसला, मागच्या बाकांवरचं हसू ऐकू आलं, चष्मा पुसणारा डॉक्टर दिसला. होतं आई. लढाईच्या काळापासून होतं. ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायलेल्या माणसाला ठाऊक होतं. सगळ्या शिकलेल्यांना ठाऊक होतं आणि एकानंही खोलीच्या आत येऊन तुला सांगितलं नाही. हे सगळं जिभेवर आलं होतं.

"नव्हतं," मी म्हटलं. "आत्ता निघालंय. अगदी नवीन."

आईनं तांब्या पालथा घातला आणि त्यावर हात ठेवून बसून राहिली. "मले वाटलं..." एवढंच म्हणाली. मग उठून तिनं त्या तांब्यात पाणी भरलं आणि माझ्यासमोर, तिथंच उभ्यानं, सगळं प्यायली.

त्या एका शब्दात मी आईला वाचवलं, आणि त्याच शब्दात सगळ्यांना सोडून दिलं. नव्हतंच म्हटल्यावर कोणाला जाब विचारायचा? सर निर्दोष, डॉक्टर निर्दोष, ज्यांनी गोळ्या केल्या आणि पुडीवर पाण्याचा शब्दही छापला नाही ते निर्दोष. मी शिकले, पास झाले, त्याच गावात औषधांच्या दुकानात उभी राहिले. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला आधी पाण्याचं सांगितलं आणि मग गोळी दिली. पण झाल्या गोष्टीविषयी तोंड उघडता आलं नाही, कारण आई जिवंत होती, आणि आई पुष्कळ जगली. डॉक्टर म्हातारे झाले तरी ओट्यावर यायचे. ते आले की आई आतून गार पाणी पाठवायची, आणि ते गेले की हमखास म्हणायची, "बिचाऱ्याले तरी काय मालूम होतं तवा." हे मी वर्षानुवर्षं ऐकून घेतलं. ज्याला सगळं ठाऊक होतं त्याची कीव माझी आई करायची, आणि ती कीव मीच तिच्या हातात दिली होती. ह्यापेक्षा मोठी शिक्षा मला कोणी देऊ शकलं नसतं, आणि त्याला तर कोणी दिलीच नाही.

आता ते कोणी राहिले नाहीत. सल्फाही कपाटाच्या मागच्या खणात गेलं, त्याच्या जागी दुसरी औषधं आली, त्यांना इतकं पाणी लागतही नाही. भाचीच्या मुलीनं काल घेतलेल्या गोळीला तर एक घोट पुरला असता, हे मला कळत नाही असं नाही. ती पेला हातात घेऊन कुरकुरत होती, "मम्मी, इतनी छोटी गोळी, आणि इतकं पाणी कशाला?"

"आपल्या घरात गोळीला पाण्याचं अनुपान असतं," भाची म्हणाली. "माझ्या आजीनं घालून दिलेली रीत आहे. आजी कोणालाच तहानलेलं राहू देत नसे."

मी भाचीकडं पाहिलं. ती ताईसारखीच दिसते, विशेषतः मान मागे टाकते तेव्हा. मग पेला रिकामा होईपर्यंत तिथंच उभी राहिले.